सोमवारीच चमकणाऱ्या मिशा

लग्नकार्यात माझी ओळख करून देताना निलंग्याकडचे आमचे नातेवाईक अजून अडखळतात. "ह्या आमच्या आत्या, नांदेडला कॉलेजात प्रोफेसर होत्या," इथपर्यंत गाडी नीट चालते. मग समोरचा विचारतो, कशाच्या? आणि माझा भाचा तोंड सरळ ठेवून सांगतो, "माशीच्या मिशीच्या." पुढं सहसा कुणी काही विचारत नाही. एकदा उदगीरच्या एका लग्नात मात्र शेजारी बसलेल्या म्हातारीनं चौकशी केली. "बाई, माशीला बी मिशी आसती?" मी म्हटलं, असते, आणि तिचं नाक तिथंच असतं. म्हातारीनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मंग पडसं झाल्यावर काय करती?" एवढी वर्षं नोकरी केली, पण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही.

पिकलेल्या केळ्यांवर जी बारीक चिलटं घोंघावतात ती माझी जित्राबं. शास्त्रात त्यांना फळमाशी म्हणतात. काचेच्या बाटलीत, कापसाचा बोळा लावून, मी त्या पाळल्या. त्यांचं जेवण आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस हमीदभाई शिजवायचे. मक्याचा रवा, गूळ, यीस्ट आणि घट्ट होण्यासाठी आगर. पातेलं चुलीवर चढलं की गुळाचा वास सगळ्या मजल्यावर पसरायचा आणि शेजारच्या विभागातले प्राध्यापक डोकावून विचारायचे, आज काय विशेष? हमीदभाई शांतपणे सांगायचे, "मख्खीयांचा शिरा हाय साहेब, घ्या जरासा." एका नवीन गृहस्थांनी खरंच घेतला होता. त्यांना तो आवडला, म्हणून आम्ही कुणी काही बोललो नाही.

आता धंदा सांगते. माशीच्या मिशीवर डोळ्याला न दिसणारी लव असते. ही लव आतून पोकळ असते आणि तिच्यात एका पेशीचा बारीक तंतू वर चढलेला असतो, समईत वात असते तसा. या तंतूवर वास ओळखणारे रेणू बसलेले असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. लवेला भोकं असतात, त्यातून वास आत शिरतो, रिसेप्टरला जाऊन भेटतो आणि माशीला कळतं की केळं पिकलं. अडचण अशी की रिसेप्टर तयार होतात खाली, पेशीच्या पोटात, आणि त्यांचं काम असतं वर, तंतूत. तंतूच्या बुडाशी एक अरुंद दार असतं, तिथून सहजासहजी कुणाला आत सोडत नाहीत. मग हे रिसेप्टर वर पोचतात कसे, कोण नेतं, कुठं अडतात, एवढाच माझा विषय. एवढ्यावर माणसाचं आयुष्य निघतं, यावर घरच्यांचा कधी विश्वास बसला नाही. कधीकधी माझाही बसायचा नाही.

यातली एक गोष्ट जगाला आधीच माहीत होती. वेगवेगळ्या वासांचे रिसेप्टर वेगवेगळे, पण त्यातल्या बहुतेकांना एक सामाईक सोबती लागतो. सोबती असला की जोडीनं दार ओलांडतात. नसला की पेशीच्या पोटातच पडून राहतात, आणि मग केळं मिशीला टेकवलं तरी माशीला पत्ता लागत नाही. हा सोबती जन्मतःच नसलेल्या माश्यांची एक जात आम्ही दुसऱ्या प्रयोगशाळेतून मागवून घेतली होती. पोस्टानं आल्या. पोस्टमननं पाकीट कानाशी धरलं आणि सही घेण्याआधी विचारलं, "मॅडम, ह्यात जिवंत काय हाय?"

वासाच्या बाई म्हणून माझी ख्याती झाली तशी बाहेरचीही माणसं येऊ लागली. कंधारकडचे एक कापूस उत्पादक आले. त्यांनी शेतात कामगंध सापळे लावले होते. या सापळ्यात एक रबराची गोळी असते, तिला मादी पतंगाचा वास दिलेला असतो. नर भुलून येतात आणि पिशवीत अडकतात. यांच्या पिशव्या रिकाम्या.

"येक बी पाखरू येईना मॅडम. कंपनीनं फसवलं."

"गोळी लावताना हात कशाचे होते?"

"हात हातासारखेच होते की." जरा थांबून म्हणाले, "तंबाकू मळतो जराशी. पर त्या गोळीलाच वास न्हवता. चोळून बघितली, नाकाला लावली, कायबी न्हाई. मंग मीच जरा अत्तर लावलं. चांगलं होतं, गुरुद्वाऱ्याकडून आणलेलं."

त्यांना म्हटलं, दादा, तो वास तुमच्यासाठी नव्हता. ते मोकळेपणानं हसले आणि दुसऱ्या गोळ्या नुसत्या चिमट्यानं लावायचं कबूल करून गेले. तेव्हापासून दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांना हा किस्सा सांगायची आणि शेवटी बजावायची, की या धंद्यात काही चमत्कारिक घडलं तर आधी विचारा, हाताला काय लागलं होतं. मुलं हसायची. कावेरीही हसली होती.

कावेरी माझी शेवटची संशोधक विद्यार्थिनी. उमरी तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरची शेती, हळदीची. आईवडील, एक भाऊ. हात असा स्थिर, की बर्फावर झोपवलेल्या माशीची मिशी ती बारीक चिमट्यानं उचलायची आणि माशीला कळायचंही नाही. बोलायला तिखट, कामाला वाघ. खोड एकच होती. चिमटा पुसायला कागद ठेवलेला असायचा, पण हिचा हात आपसूक ओढणीकडं जायचा. मी कितीदा रागावले. "धुतलेली हाय मॅडम," म्हणायची.

तिचा प्रश्न सरळ होता. एक ठरावीक रिसेप्टर घ्यायचा, त्याला हिरवं चमकणारं शेपूट जोडायचं. निळा प्रकाश टाकला की हिरवा उजेड देणारा असा एक पदार्थ जेलीफिशच्या अंगात असतो, तेच हे शेपूट. मग सोबती नसलेल्या माशीत हा रिसेप्टर सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, हिरवं कुठं दिसतं. पेशीच्या पोटात दिसलं तर नवीन काही नाही, सगळे रिसेप्टर तसेच वागतात. वर, लवेत दिसलं, तर हा गडी सोबतीवाचून दार ओलांडतो, आणि ते जगाला माहीत नाही.

फेब्रुवारी संपत आला होता. एका सोमवारी ती अंधारखोलीतून धावत आली. "मॅडम, वर गेलंय." मी जाऊन बघितलं. लवेची एकेक काडी टोकापर्यंत हिरवी. खरं सांगते, आयुष्यभर जे दार बंद बघितलं ते कुणीतरी किलकिलं केल्यासारखं वाटलं.

बेंगळूरच्या एका मोठ्या संस्थेत संशोधनाच्या जागा निघाल्या होत्या. कावेरीनं अर्ज केला, सोबत तो हिरवा फोटो जोडला. मुलाखतीचं बोलावणं आलं. तिच्या घरचं गणित मला ठाऊक होतं. तिचे वडील व्यंकटराव मनानं चांगले, पण त्यांनी मुदत घालून दिलेली. यंदाची हळद निघेपर्यंत काही ठोस झालं तर शिकायचं, नाहीतर उन्हाळ्यात स्थळं बघायची. आता ठोस झालं होतं. व्यंकटरावांनी मारुतीच्या पारावर सांगून टाकलं, की पोरीनं शोध लावला. गावानं पेढेही खाल्ले. बेंगळूरला जायला परवानगी मिळाली, भाऊ संगं जाईल या अटीवर.

मी मात्र जुनी खोड म्हणून तीच स्लाइड स्वतः करून बघितली. हिरवं पोटात. वर अंधार. दुसऱ्या दिवशी परत केली. तेच. तिच्या हातून दिसतं आणि माझ्या हातून दिसत नाही, याचे आमच्या धंद्यात दोनच अर्थ असतात. एक, तिचा हात माझ्यापेक्षा चांगला. दुसरा अर्थ मी तोंडानं उच्चारला नाही, पण मनात आला, आणि तिनं तो माझ्या चेहऱ्यावर वाचला.

"तुमाला वाटायलंय मी काहीतरी केलं."

"मला काहीच वाटत नाही. शेजारी बस आणि करून दाखव."

तो गुरुवार होता. एका टेबलावर दोघी बसलो, एकाच बाटलीतल्या माश्या, एकच काच. दोघींच्याही स्लाइडमध्ये वर अंधार. शुक्रवारी पुन्हा तेच. डबा न खाता ती घरी गेली. शनिवार-रविवार ती नेहमीच गावी जायची, पण त्या दिवशी निरोपही न घेता गेली. मला वाईट वाटलं. मुलगी खोटी नाही हे मला माहीत होतं, आणि फोटो खरा नाही हेही दिसत होतं. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात ते समजत नव्हतं.

सोमवारी ती आली, टेबलाशी बसली, स्लाइड केली आणि अंधारखोलीत गेली. थोड्या वेळानं तिनं मला बोलावलं. लव हिरवी. यावेळी मी जरा जास्त वेळ डोळा लावून बसले. हिरव्यात पिवळसर झाक होती. आणि प्रकाशात ठेवलं की ते भराभर फिकं पडत होतं, आमचं शेपूट एवढ्या लवकर विझत नाही. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "सोमवारीच दिसायलंय मॅडम. पहिल्या दिवशी बी सोमवारच होता." मग तिनं स्वतःच्या ओढणीकडं बघितलं आणि तशीच बघत राहिली.

"घरी हळदीचं पॉलिश चालू हाय."

ज्यांनी हे काम बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हळद काढली की कढईत शिजवतात, उन्हात वाळवतात आणि मग लोखंडी ढोलात घालून फिरवतात, थोडीथोडी घरच्या हातढोलात, बाकीची भाड्याच्या मशीनवर. कांड्या एकमेकींवर घासून गुळगुळीत होतात आणि निघणारी पिवळी धूळ अंगण, गुरं, माणसं, सगळ्यांवर बसते. ढोलाजवळ उभं राहायचं तर नाकातोंडाला फडकं बांधावं लागतं. कावेरी दर रविवारी ओढणी बांधायची. झटकायची, कधी धुवायची, पण हळद अशी जात नसते हे आपल्याकडं लग्न झालेल्या कुणालाही माहीत आहे. सोमवारी तीच ओढणी गळ्यात. चिमटा ओढणीला. चिमट्यावरून मिशीला. गुरुवारपर्यंत ओढणी दुसरी, आणि नखंही धुतलेली.

खात्रीसाठी तिनं साधी माशी घेतली, जिच्यात हिरवं शेपूट मुळातच नाही. चिमटा ओढणीला पुसला, मिशी काढली, काचेवर ठेवली. चमकली. मग हमीदभाईंच्या डब्यातल्या भाजीचा पिवळा डाग काडीनं काचेवर लावला. तोही चमकला. निळ्या प्रकाशात हळद हिरवी पेटते. मी इतकी वर्षं वरण फोडणीला टाकत आले, पण सूक्ष्मदर्शकाखाली हळद ठेवून बघावी असं कधी डोक्यात आलं नव्हतं. हमीदभाई दारातून म्हणाले, "यानी के मख्खी को हळद लगी." कुणी हसलं नाही. नंतर हसलो, बऱ्याच दिवसांनी.

मुलाखत पुढच्याच आठवड्यात होती. फोटो तिकडं जाऊन पडला होता. मला भीती वाटत होती की ती मला विचारेल, मॅडम आता काय करू? उत्तर एकच होतं, पण ते माझ्या तोंडून निघालं असतं तर तिच्या घरी काय होणार हेही मला दिसत होतं. तिनं विचारलं नाही. तिथंच स्टुलावर बसून मोबाइलवर मेल लिहिला, की अर्जातला फोटो चुकीचा आहे, हिरवं दिसतं ते हळदीचं आहे, तो विचारात घेऊ नये. मला वाचायला दिला. मी एक स्पेलिंग दुरुस्त केलं आणि परत दिला.

व्यंकटराव दोन दिवसांनी हळद विकायला मोंढ्यात आले होते, तिथून विभागात आले. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, बाह्यांवर पिवळी धूळ. मुलगी म्हणाली, "बाबा, शोध न्हाई लागला." त्यांना अंधारखोलीत नेलं, स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटून ते बराच वेळ भिंगात बघत होते.

"ही आपली हळद?"

"हाव."

"लई झकास दिसायली," ते म्हणाले. मग डोळा काढून, "मंग गावाला काय सांगू?"

"खरं हाय ते सांगा."

"पेढे खाऊन बसल्यात लोकं." जाताना मला नमस्कार केला, पण नजर दिली नाही. मी मनातल्या मनात पुढचे महिने मोजायला लागले, कारण हळद जवळजवळ निघाली होती.

बोलावणं रद्द झालं नव्हतं. जायचं ठरलं. पण निघायच्या दिवशी पॉलिशच्या मशीनचा नंबर अचानक त्यांच्या शेतावर आला. हे मशीन भाड्याचं असतं, गावोगाव फिरतं, आलं तेव्हा हळद घातली नाही तर पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. भाऊ अडकला. कावेरीचा मला फोन आला, मागं ढोलाचा खडखडाट. "मॅडम, मी एकटीच निघालेय. बाबा नांदेडच्या गाडीत बसवायलेत." मी विचारलं, ते काय म्हणाले? "कायच न्हाई. ओढणी नवी दिली आईनं."

तिकडं तिनं दोन्ही फोटो दाखवले. पोटात अडकलेला रिसेप्टर, आणि हळद. समोरची मंडळी हसली, चांगल्या अर्थानं हसली म्हणे. सगळं नीट ऐकून घेतलं, आणि निवड दुसऱ्याची केली. निकाल कळला तेव्हा मला राग आला. त्या लोकांचा नाही, त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. ज्याच्या हातात काही नवीन आहे त्याला जागा मिळते, आणि काही नवीन नाही हे खात्रीनं सांगणाऱ्याला शाबासकी. हा आमच्या धंद्याचा रिवाज, मी आयुष्यभर पाळला आणि मला तो कधी आवडला नाही.

पुढचं लगेच सांगून टाकते. वर्षभरानं तिचा प्रबंध झाला. त्याचं सार एवढंच, की हाही रिसेप्टर सोबतीवाचून जात नाही. आज ती हैदराबादला एका प्रयोगशाळेत आहे आणि हातमोज्यांशिवाय कुणाला चिमट्याला हात लावू देत नाही, असं तिच्या हाताखालची पोरं सांगतात. पण ते वर्ष तिला मिळालं कसं, ती गोष्ट राहिली.

निकालानंतरच्या आठवड्यात व्यंकटराव पुन्हा आले. हळद संपली होती, बाह्या स्वच्छ होत्या. मी समजले, पोरीला न्यायला आले. बोलायचं सगळं मी तयार ठेवलं होतं, तिचा हात कसा आहे, अजून थोडंच काम उरलंय, स्थळं कुठं पळून जात नाहीत. मला त्यांनी बोलूच दिलं नाही. म्हणाले, "ती खरी वाली दाखवा की. मागल्या टायमाला आपलीच हळद बघून गेलो."

कावेरीनं स्लाइड लावली. ते टोपी काढून बसले, एक डोळा मिटला. ती शेजारी उभी राहून सांगत होती. "ते खाली हिरवं दिसायलंय का? तीच ती. वर जायला पायजे, पर जाईना. सोबत न्हाई तिला, म्हणून पोटातच बसलीय."

"सोबत न्हाई म्हणून?"

"हाव."

"कदीच जात न्हाई?"

"मी लई बघितलं बाबा. न्हाई जात."

ते उठले. टोपी घातली, उपरणं झटकलं, आणि यावेळी माझ्याकडं सरळ बघितलं.

"माशीचं तसं आसंल मॅडम," ते म्हणाले. "आमची पोर येकटीच गेली बेंगळूरला, अन तिथं खरं बोलून येकटीच आली. ऱ्हाऊ द्या तिला आनखी."

चहाला थांबा म्हटलं, तर उमरीची गाडी चुकेल म्हणाले आणि गेले.